पोटमाळ्यावरचा आढावा

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी एम.फिल.चा आढावा लिहीत होते. लिहीत होते म्हणजे, नेऊन देत होते आणि लाल शाईने भरलेला परत आणत होते. संशोधन सुरू करायच्या आधी त्या विषयावर आजवर कोणी काय लिहून ठेवलंय ते सगळं वाचायचं आणि त्याचं एक प्रकरण तयार करायचं, याला पूर्वसाहित्याचा आढावा म्हणतात. ऐकायला साधं वाटतं. मलाही वाटलं होतं.

विषय माझ्या मार्गदर्शक बाईंनी दिला होता. गुजरातेत शिकवणाऱ्या बाईंना बेन म्हणतात, म्हणून मीही बेनच म्हणायचे. बाहेरून आलेल्या यंत्रमाग कामगारांच्या मुली शाळा मध्येच का सोडतात, हा विषय. "तू त्याच वस्तीतली आहेस, तुला सोपं जाईल," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आम्ही गोडादऱ्यात राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडच्या एका गावातून तरुणपणी इथे आले आणि लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, माग चालवायला लागले ते तिथेच राहिले. आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या ज्या मुली होत्या, त्यांतली एकही दहावीच्या पुढे गेली नव्हती. सगळ्यांची लग्नं होऊन त्या कुठे अमळनेरला, कुठे शिरपूरला, कुठे इथेच उधन्याला नांदत होत्या. तेव्हा मुली शाळा का सोडतात हे मला पाठच होतं.

पण सोपं गेलं नाही. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं की आई घरी बसून साड्यांचे धागे कापते, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते आणि एकदा राहिली की राहते. बेननी त्याच्याखाली रेघ मारली आणि समासात विचारलं, कोणी म्हटलंय? मी म्हटलं, कोणी म्हटलेलं नाही, मी बघितलंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं असेल. पण आढाव्यात तू नसतेस. आढाव्यात ते असतात, ज्यांनी आधी लिहिलंय."

त्या दिवसापासून मी त्या प्रकरणातून बाहेर गेले आणि तरी त्यातच अडकले. लेख सगळे इंग्रजीत. लिहायचं गुजरातीत. समजून घ्यायचं ते मराठीत, कारण माझी शाळा नगरपालिकेची मराठी शाळा होती. आणि घरी या सगळ्याबद्दल काही बोलायचंच झालं तर अहिराणीत. एक वाक्य उतरवायला मला अर्धा तास लागायचा, आणि ते उतरलं की त्यातलं काहीतरी वाटेतच सांडलेलं असायचं. मी सगळं एकाखाली एक लिहीत गेले. अमुक अभ्यासकाने असं म्हटलं, तमुक अभ्यासकाने तसं म्हटलं. बेन म्हणाल्या, ही यादी झाली, आढावा नाही. ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मी घरी येऊन पुन्हा बसायचे. तोवर बेनना कुठल्यातरी मासिकात आणखी दोन लेख सापडलेले असायचे. आढाव्याला शेवट नसतो हे मला तेव्हा कळलं. विहिरीचं पाणी उपसावं आणि बाजूच्या झऱ्यातून ते पुन्हा भरावं, तसं ते होतं.

घरात बसायला जागा एकच होती, पोटमाळा. आमचं घर म्हणजे पुढची एक खोली, मागे मोरीला लागून स्वयंपाकाचा तुकडा आणि वर पत्र्याखाली अर्ध्या खोलीएवढा फळ्यांचा माळा. पूर्वी तिथे गोधड्या आणि लग्नातली भांडी असायची. मायने ती एका कडेला सारून मला जागा करून दिली होती. लोखंडी शिडी लावून चढायचं. वर ताठ बसता येत नसे. मांडीवर पाट घेऊन, मान वाकवून लिहायचं. दुपारी पत्रा असा तापायचा की कागदावर हात टेकवला की शाई फुटायची, म्हणून मी मनगटाखाली जुना रुमाल ठेवायचे. खाली मायजवळ गल्लीतल्या बायका धागे कापायला येऊन बसायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं, आणि माझ्या हातातल्या झेरॉक्समध्ये त्याच बायकांबद्दल कोणीतरी परगावच्या माणसाने इंग्रजीत लिहिलेलं असायचं. खाली ऐकू की वर वाचू, असं व्हायचं. पण खालचं ऐकलेलं चालणार नव्हतं, वरचं वाचलेलंच चालणार होतं.

चैत्रात एक दिवस बेननी पुन्हा खर्डा परत दिला. या वेळी आत एकही रेघ नव्हती. फक्त पहिल्या पानावर आडवं लिहिलं होतं, फरीथी. म्हणजे पुन्हा. मी बसने घरी आले ते ठरवूनच. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावर चढले ती लिहायला नव्हे, आवरायला. सगळे झेरॉक्स गोळा करायचे, सुतळीने बांधायचे, विद्यापीठात नेऊन द्यायचे, आणि बेनना सांगायचं की मला जमत नाही. मुली शिक्षण का सोडतात यावरचे ते कागद बांधताना मला हसूही आलं नाही आणि रडूही. फार मोकळं वाटलं एवढंच आठवतं. आबा रात्रपाळी करून आले होते आणि खाली झोपले होते. शेजारच्या काकूंना पावसाच्या आत पत्रे बांधून घ्यायचे होते, म्हणून मायने शिडी त्यांना दिली. मी काही संध्याकाळपर्यंत उतरत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि नेमके तेव्हा पाहुणे आले.

बारडोलीचं एक स्थळ आमच्या कानावर होतं. मुलगा साखर कारखान्यात, उसाच्या काट्यावर कारकून. वडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेला. ते लोक पुढच्या आठवड्यात येणार होते. पण लिंबायतला नात्यातल्या कोणाच्यातरी घरी त्यांना यावं लागलं, तेव्हा जाता जाता आपलंही घर बघून घ्यावं म्हणून काका, काकू आणि मुलगा असे तिघे उन्हाचे थेट दारात उभे राहिले. मायने आबांना हलवून उठवलं. मग तिने वर पाहिलं. मी खाली पाहिलं. अंगात गाऊन, केस तेल लावून वर बांधलेले, आणि शिडी शेजारच्या काकूंकडे. पुढच्या खोलीत पाहुणे बसलेले असताना बाहेरून लोखंडी शिडी आत आणायची आणि तिच्यावरून मुलगी खाली उतरवायची, हे मायच्या कल्पनेत बसणं शक्य नव्हतं. तिने मला बोटाने गप्प राहायची खूण केली. आबांनी पाहुण्यांना सांगितलं, "पोर युनिव्हर्सिटीमा गयेल शे."

मी माळ्यावरचा लहान पंखा बंद केला, कारण तो खरखर करायचा. आणि गोधड्यांना पाठ लावून बसले. फळ्यांच्या फटीतून मला काकांचं टक्कल आणि मुलाचे पाय दिसत होते. पाणी झालं, चहा झाला, गावाकडच्या नात्यांची उजळणी झाली. पत्र्याखाली माझ्या अंगातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. खोकला आला तर काय, या एकाच विचाराने घसा खवखवायला लागला होता.

मग काकांनी विचारलं, एवढी एम.ए. झाली, आता काय शिकते आहे? आबा म्हणाले, शिकत नाही, लिहिते आहे. काय लिहिते? मी आबांना कधीच नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. ते रात्रपाळीहून आले की मी बसला निघालेली असायचे.

"लोकेस्नी आधी जे लिखेल शे ना," आबा म्हणाले, "ते सगळं वाचनं पडस. मंग त्यामा कोठे काय सुटनं, ते दखाडनं पडस." एवढ्याने काकांचं समाधान झालेलं दिसलं नाही, म्हणून त्यांनी पुढे जोडलं की मागावरून उतरलेला कापडाचा ताका आपण उजेडात धरून तपासतो, तसंच समजा.

काका हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "म्हनजे सोता काहीच विनत नही?"

मी डोळे मिटून घेतले. वर्षभर मला जे टोचत होतं, ते त्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी पाय जवळ ओढला, आणि नुकता बांधायला घेतलेला गठ्ठा कलला. त्यातलं एक पान फळीच्या कडेवरून सुटलं. मला ते धरता आलं असतं, पण हात पुढे केला असता तर तो खाली दिसला असता. पान हेलकावे खात खाली गेलं आणि मुलाच्या पायाशी पडलं.

मुलाने ते उचललं. वाचलं की नुसतंच पाहिलं, कोण जाणे. मग त्याने मान वर केली. फटीतून आमची नजर मिळाली असं मी म्हणणार नाही, पण वर माणूस आहे हे त्याला कळलं, हे मला कळलं. त्याने पान आबांच्या हातात दिलं. आबांनी त्याची घडी घातली आणि म्हणाले, वर जुने कागद पडलेले असतात.

जाताना काकांनी होकार कळवल्यासारखाच केला. मुलगी पुढे बघू, फोटो पाहिलेला आहे, घर चांगलं आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. तिच्या आत पक्कं करू. आमच्यात सगळं आखाजीला येऊन टेकतं. फक्त एक, काका म्हणाले, ते लिहिणं आता बंद करायला लागेल. बारडोलीला त्याचा काय उपयोग. माय लगेच हो म्हणाली. आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पाहुणे गल्लीच्या टोकाला गेल्यावर शिडी आली. मी उतरले तेव्हा माझा गाऊन पिळून काढण्यासारखा झाला होता. मायने मला पाण्याचा तांब्या दिला आणि ती हसत सुटली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला हसता आलं नाही. मी तर लिहिणं सोडणारच होते. पण मी सोडणं आणि कोणीतरी सोडायला लावणं यात इतकं अंतर असेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी झेरॉक्स परत करायला विद्यापीठात गेले. बेन रजेवर होत्या, म्हणून गठ्ठा तसाच पिशवीत राहिला. ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या दारात तो मुलगा उभा होता. पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. मी कधीतरी ग्रंथालयात येईनच या भरवशावर बारडोलीहून सुट्टी काढून आला होता. आम्ही बाहेर सायकल स्टँडच्या सावलीत उभे राहिलो, दोघांच्या मध्ये एक सायकल ठेवून. त्याने आधी माफी मागितली, त्या दिवशी वर उकाड्यात बसावं लागलं म्हणून. मग तो त्या सायकलच्या घंटीवरून बोट फिरवायला लागला.

"तुम्ही नाही म्हणाल का?" त्याने विचारलं.

मी विचारलं, कशाला? त्याने सांगितलं. बारडोलीत त्याच्या मनात एक मुलगी होती, दुसऱ्या जातीची, गुजराती. काकांनी त्याला वाढवलं होतं, शिकवलं होतं, नोकरीला लावलं होतं. त्यांच्यासमोर तो विषय काढायची त्याची हिंमत नव्हती, आणि या स्थळाला नाही म्हणायचीही नव्हती. मुलीकडून नकार आला तर तो सुटणार होता.

मी म्हटलं, "आमच्या घरात मला कोणी विचारलेलंच नाही. मी नाही कोणाला म्हणू?"

"म्हणजे मग झालंच," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो माझ्यासारखाच दिसत होता, कुठेतरी वर बसवून शिडी काढून नेलेला. मी त्याला म्हटलं, मी वडिलांशी बोलून बघते. असं का म्हटलं कोण जाणे. आबांशी मी अशा गोष्टी कधीच बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळी संपवून आले, अंगाला सुताचे तंतू चिकटलेले, कानात अजून मागांचा आवाज असल्यासारखे मोठ्याने बोलत. ते मोरीत हातपाय धूत असताना मी दाराशी उभी राहून सगळं सांगितलं. मुलगा आला होता, तो काय म्हणाला, सगळं. माझं लिहिणं सोडायचं ठरलंय, हे मात्र सांगायचं राहिलं. एका वेळी तेवढंच जमलं. आबांनी तोंड पुसलं. मुलाचं काकांना कळता कामा नये, नाहीतर पोराचं वाटोळं होईल, एवढंच म्हणाले आणि झोपले.

सुट्टीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून बारडोलीला गेले. संध्याकाळी आले ते चपला काढता काढताच मायला म्हणाले की मोडलं. माय कपाळाला हात लावून बसली. काय सांगितलं त्यांना? आबांनी सांगितलं ते असं, की पोरीचं लिहिणं अर्ध्यात आहे, ते पुरं झाल्याशिवाय आम्ही तिचं लग्न करणार नाही, आणि मध्येच बंदही करणार नाही. मुलाचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं. सगळा दोष त्यांनी माझ्या आढाव्यावर टाकून दिला होता.

आणि मी तिथे, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्याशेजारी उभी.

त्या रात्री मला कळून चुकलं की आता सुटका नाही. आबांनी ज्या कामाच्या नावाने चांगलं स्थळ परत केलं, ते काम मी सोडलं असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? बातमी आठवड्याच्या आत गल्लीभर झाली, मग गावाकडे गेली. वाचण्यापायी लग्न मोडलं, असं बायका एकमेकींना सांगायच्या. नळावर पाण्याला गेले तर कोणीतरी हमखास विचारायचं, झालं का गं तुझं? माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. आखाजीला शेजारच्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, झोके बांधले, गाणी म्हटली. मी माळ्यावरून ऐकत होते. गठ्ठा मी सोडला होता, पानं पुन्हा पसरली होती, आणि लिहायला एक वाक्य सुचत नव्हतं. आधी निदान सोडून देण्याची वाट उघडी होती. आता तीही आबांनी, माझ्या भल्यासाठी, बंद करून टाकली होती. मला त्यांचा राग यायचा आणि त्या रागाची लाज वाटायची.

बेन रजेवरून आल्या तेव्हा मी नवीन काही न लिहिताच त्यांच्यासमोर जाऊन बसले. काही विचारायच्या आतच मला रडू आलं. त्यांनी दार लोटून घेतलं, मला रडू दिलं, शिपायाकडून चहा मागवला. काय झालं ते मी अर्धवट सांगितलं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्या म्हणाल्या, कागद पिशवीतच राहू दे, तू जे वाचलंस ते मला तोंडी सांग. गुजरातीत नको, तुला येईल तसं सांग.

मी मराठीत सुरुवात केली आणि थोड्या वेळाने अहिराणीत गेले. बेनना निम्मंच कळत असावं. पण त्या मध्येच हात वर करून विचारायच्या, हा जो गरिबीला दोष देतो आणि ती जी शाळेला दोष देते, त्यांचं पटतं का? मी म्हणायचे, नाही पटत. का नाही? मग मी सांगायचे. चहा निवला. बाहेर शिपाई दोनदा डोकावून गेला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की वर्षभर वाचलेलं माझ्याजवळ आहे, फक्त मी ते कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"आता हेच लिही," बेन म्हणाल्या. "माझ्या भीतीने लिहू नकोस."

त्याने एकदम सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसाळाभर मी लिहीत होते. पत्रा गळायचा तेव्हा माळ्यावरून पानं खाली आणून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. बेननी त्यानंतरही खर्डे परत दिले, रेघा मारल्या. पण पूर्वी त्या रेघा माझ्यावर मारल्यासारख्या वाटायच्या, आता वाक्यावर वाटायला लागल्या. शेवटी शेवटी मी लिहिलं की कामाला बसलेल्या आया आणि त्यांच्या मोठ्या मुली यांच्यातल्या व्यवहाराकडे आजवरच्या लेखनाने पुरेसं पाहिलेलं नाही, ते पाहायला हवं. त्या वाक्याखाली बेननी काही विचारलं नाही.

त्या बारडोलीच्या मुलाचं पुढे काकांनी ठरवलं तिथेच झालं. साक्रीकडची मुलगी. आबांनी केलेल्या मदतीचा त्याला काही उपयोग झाला नाही. पत्रिका आमच्याकडेही आली, आबा जाऊन आहेर करून आले. मुलगा पायाला वाकला, एवढंच त्यांनी सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी बेननी प्रकरणावर सही केली. मी घरी आले तेव्हा आबा दिवसपाळीहून नुकते आले होते आणि दारातल्या दगडी पायरीवर बसले होते. मी सांगितलं, आढावा मंजूर झाला. ते उठून उभे राहिले. मायला हाक मारली, शेजारच्या काकूंना हाक मारली, आणि खिशात हात घालून पेढे आणायला निघालेच. लग्न मोडल्यापासून त्यांनी वर मान करून कोणाला काही सांगितलं नव्हतं. आता सांगायचं होतं. मला त्यांना थांबवावंसं वाटत नव्हतं, पण थांबवावं लागलं.

"आबा, हे एकच प्रकरण आहे. दुसरं."

"दुसरं म्हनजे?"

"अजून तीन राहिलीत. आता वस्तीत फिरून मुलींना भेटायचं, त्यांना विचारायचं, मग ते लिहायचं."

आबांनी खिशातला हात बाहेर काढला. बारडोलीला जाऊन त्यांनी काय कबूल केलं होतं, ते किती लांबीचं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. ते पुन्हा पायरीवर बसले. काकू दारात येऊन विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. आबांनी मायला चहा टाकायला सांगितला आणि मी अजून पिशवी खांद्याला लावून तिथेच उभी आहे हे बघून म्हणाले,

"मंग उभी कसाले शे? बठ लिखाले."